फंड कोणी संपवला?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मला कवी म्हणून ओळखणारे लोक थोडे आहेत. बिलाच्या खिडकीतला माणूस म्हणून ओळखणारे बरेच. नवी मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या हिशेब विभागात मी १९९४ साली लागलो. बी. ए. मराठी झालेल्या माणसाला तेव्हा जे मिळेल ते काम चालत होतं. कवितेला वेळ मिळेल अशा समजुतीने मी खुर्चीत बसलो, आणि पुढची तीस वर्षं लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवसांच्या पावत्या फाडल्या. आज त्यातल्याच एका पावतीबद्दल बोलायचं आहे.

डॉक्टर रोग बघतात, परिचारिका रोगी बघतात. आम्ही हिशेबवाले आकडे बघतो, म्हणून आमचा उपचाराशी काही संबंध नाही असा समज आहे. माझाही होता. पण कोणत्या वॉर्डात किती खाटा ठेवायच्या, रात्रपाळीला किती माणसं, कोणाकडून अनामत घ्यायची आणि कोणाकडून नाही, हे सगळं रोगी दारात येण्याच्या आधीच कुठल्या तरी वहीत ठरलेलं असतं. रोगी आला की आम्ही ते त्याला फक्त वाचून दाखवतो.

२००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेत धर्मादाय रुग्णालयांसाठी योजना मंजूर केली. त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून ती लागू झाली. दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी पूर्ण मोफत, आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. निर्धन म्हणजे तेव्हा वर्षाला २५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेला, दुर्बल म्हणजे ५० हजारांपर्यंत. ही मर्यादा नंतर टप्प्याटप्प्याने वाढत १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर गेली. पण मला खाटांपेक्षा त्या योजनेतल्या दुसऱ्या कलमाबद्दल सांगायचं आहे. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम दर महिन्याला बाजूला काढायची आणि तिचा वेगळा निधी ठेवायचा. गरिबांची औषधं, सुया-नळ्या, हाडात बसवायच्या सळ्या यांचा खर्च त्या निधीतून करायचा. आम्ही त्याला नुसतं ‘फंड’ म्हणत असू. महिन्याला दीड कोटीची बिलं झाली तर तीन लाखांचा फंड. वही माझ्याकडे होती.

तीन लाख ऐकायला मोठे वाटतात. अतिदक्षता विभागातले दोन रुग्ण ते आठवड्यात संपवू शकतात. महिन्याच्या वीस-बावीस तारखेला आमच्या समाजसेविका ताई खिडकीशी येऊन विचारत, “भाई, किती उरलेत?” आणि मी सांगे, “संपले, ताई.” त्या मान हलवून वॉर्डाकडे जात. तिथे त्या काय सांगत असतील याचा विचार मी करत नव्हतो.

२००९ सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. खारघरला एका इमारतीच्या परांचीवरून पडलेला एक मजूर आणला. मांडीचं हाड मोडलेलं. तातडीचे उपचार झाले, सलाइन लागलं, पाय ताणून बांधला. शस्त्रक्रिया करून आत सळी बसवायची होती. खाट रिकामी होती, हाडांचे डॉक्टर फी सोडायला तयार होते, पिवळं रेशनकार्डही होतं. फक्त फंड संपला होता. सळी आणि औषधं मिळून बावीस हजार भरा, नाहीतर सायनला न्या, असं सांगण्यात आलं. सांगणारा मीच होतो.

त्याची बायको खिडकीशी उभी होती. कडेवर पोर. मराठवाड्याकडची असावी. ती रडली नाही, भांडलीही नाही. तिने विचारलं, “साहेब, फंड कुनाचा हाय? अन् संपिवला कुनी?”

मी म्हटलं, “तुमच्यासारख्या लोकांवरच खर्च झाला, बाई.” ती काही बोलली नाही. रुग्णवाहिका आली आणि ते सायनला गेले.

प्रश्न साधा होता आणि मला त्याचं उत्तर ठाऊक नव्हतं. वही माझी, अक्षर माझं, बेरजा माझ्या. तरी कोणी संपवला हे मला सांगता येईना. त्या रात्री मी योजनेची फाईल घरी नेली. इंग्रजी, कायद्याची भाषा, बी. ए.ला मराठी घेतलेला माणूस. शब्दकोश घेऊन बसलो. अडीच वर्षं ती फाईल माझ्या कपाटात होती आणि मी ती कधी अथपासून इतिपर्यंत वाचली नव्हती, हे कबूल करायला हवं. वरून आलेला एक पानी तक्ता भरून धर्मादाय आयुक्तांकडे पाठवला की काम झालं असं मी समजत होतो.

त्यात लिहिलं होतं की औषधं, साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू फंडाच्या नावे टाकताना रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने टाकायच्या. मी अडीच वर्षं छापील किमतीने टाकत होतो. औषधाच्या दुकानातून संगणकाचं बिल येई, त्यावरची बेरीज मी फंडाच्या वहीत उतरवत असे. खरेदीचे भाव भांडाराच्या रजिस्टरात होते, दोन मजले खाली. मी कधी खाली गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गेलो. त्या सळीची छापील किंमत चौदा हजार होती. आम्हाला ती पाच हजार आठशेला पडत होती.

वैद्यकीय वस्तूंच्या छापील किमतीत किती हवा असते हे पुढे सगळ्या देशाला कळलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने हृदयातल्या स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा लाखाच्या वर विकला जाणारा स्टेंट तीस हजारांच्या आत आला. पुढच्याच वर्षी दिल्लीकडच्या काही खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तर काही वस्तूंवरचा नफा सतराशे टक्क्यांच्या वर निघाला. २००९ साली यातलं काही माझ्यासमोर नव्हतं. समोर फक्त भांडारातलं रजिस्टर होतं. तीन रविवार बसून मी अडीच वर्षांचा फरक काढला. महिन्याला कधी चाळीस हजार, कधी सत्तर. एकूण साडेसोळा लाख रुपये. गरिबांच्या वहीतून ते रुग्णालयाच्या वहीत गेले होते, माझ्या अक्षरात. कोणी चोरी केली नव्हती. तक्ता बरोबर जुळत होता, लेखापरीक्षकांनी सही केली होती.

इथे मला माझे अब्बा आठवले. रायगड जिल्ह्यात आमचं किराण्याचं छोटं दुकान होतं. रमजानच्या आधी ते एका रात्री दुकान आतून बंद करून जकातीचा हिशेब करत. वर्षभर हातात राहिलेल्या मालमत्तेवर चाळीस रुपयांमागे एक रुपया, म्हणजे अडीच टक्के. मी कंदील धरून बसे. गोणीतले तांदूळ, डबे, साबण यांची किंमत ते विक्रीच्या भावाने लावत. शाळेत नफा-तोटा शिकलेला मी एकदा म्हणालो, “अब्बा, आपल्याला तर हे स्वस्तात पडलंय.” ते म्हणाले, “आपल्यावर निघणारं मोजतोय ना, मग चढा भाव धरायचा.” जकात कोणाला द्यायची याचे आठ प्रकारचे हक्कदार सांगितलेले आहेत. त्यांत फकीर, गरजू, कर्जात बुडालेले यांच्याबरोबर जकात गोळा करणारा कारकूनही आहे. म्हणजे हिशेब ठेवणाऱ्याची मजुरी त्यात धरलेली आहे. मला लहानपणी याची गंमत वाटायची. भांडारात बसल्यावर वाटली नाही.

मी सगळा हिशेब आमच्या मुख्य हिशेबनिसांसमोर ठेवला. ते मला कविराज म्हणत. सगळं वाचून ते म्हणाले, “कविराज, तुमचं बरोबर आहे. आता मला सांगा, जनरल वॉर्ड कशावर चालतो?”

मला उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांनीच सांगितलं, आणि ते मी श्रोत्यांनाही सांगायला हवं, नाहीतर ही गोष्ट फार सोपी होईल. रुग्णालयाचा प्रत्येक विभाग आपल्या पायावर उभा नसतो. प्रसूती विभाग, अपघात विभाग, जनरल वॉर्ड, नवजात बाळांचा कक्ष हे आमच्याकडे तोट्यात असत. औषधाचं दुकान, रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे आणि खासगी खोल्या हे नफ्यात. नफ्यातल्या विभागांनी तोट्यातल्यांना ओढायचं, असा संसार. औषधांवरचा नफा काढून घेतला तर रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार कुठून द्यायचा, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता.

लोक म्हणतात, खाटा वाढवा. खाट म्हणजे लोखंडी पलंग नव्हे. एका जागेवर चोवीस तास एक परिचारिका हवी असेल तर तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या, रजा, आजारपणं धरून पगारपत्रकावर जवळजवळ पाच नावं लागतात. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला तर एकाला एक परिचारिका हवी. खाट रिकामी राहिली तरी हे पाच पगार थांबत नाहीत, वीज थांबत नाही, प्राणवायूच्या वाहिनीची देखभाल थांबत नाही. म्हणून रुग्णालयात एखादा रुग्ण वाढल्याने खर्च थोडाच वाढतो, पण कक्ष उघडा ठेवण्याचा खर्च भयंकर असतो. आपल्या नवी मुंबईला हे वेगळं सांगायला नको. १ जानेवारी १९९२ ला स्थापन झालेली आपली महापालिका गरीब नाही. तिने ऐरोलीत आणि नेरूळला रुग्णालयांच्या मोठ्या इमारती बांधल्या, आणि त्या पूर्ण भरात चालायला वर्षं गेली. इमारत ठेकेदार बांधतो. भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, परिचारिका बांधता येत नाहीत. वाशीत महापालिकेच्या रुग्णालयाच्याच इमारतीचा भाग खासगी संस्थेला भाडेपट्ट्याने दिला, बदल्यात महापालिकेने पाठवलेल्या काही रुग्णांवर तिथे मोफत उपचार व्हावेत, अशी अट ठेवून. एका इमारतीला दोन दारं. त्यावर या शहरात पुष्कळ वाद झाला. मी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. एक म्हणते, महापालिकेला अतिविशेष उपचार स्वतः चालवणं झेपलं नसतं. दुसरी म्हणते, सार्वजनिक जागेत सार्वजनिक माणूस मागच्या दाराने का जावा? मी इतकंच म्हणेन की असा करार झाला की सहीच्या दिवशी त्याचा समारंभ होतो, पण दर महिन्याला किती रुग्ण पाठवले, किती घेतले, किती परत आले ही वही कोण ठेवतो हे कोणी विचारत नाही. करार त्या वहीत जगतो किंवा मरतो.

असो. आमच्या विश्वस्तांची बैठक झाली. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. मला वाटलं होतं की हे लोक प्रकरण दाबतील. तसं झालं नाही, पण लगेच मान्यही झालं नाही. एक विश्वस्त म्हणाले, झालं गेलं सोडा, पुढच्या महिन्यापासून सुधारा. एका तज्ज्ञ डॉक्टरांना राग आला, त्यांनी फंडाच्या रुग्णांची फी सोडली होती आणि औषधाच्या दुकानाने मात्र नफा सोडला नव्हता. मेट्रनबाई सगळ्यांत शेवटी बोलल्या. त्यांनी विचारलं, साडेसोळा लाख परत द्यायचे तर माझ्या मुली कमी करणार का? खोलीत कोणी बोलेना.

दोन तास लागले. शेवटी असं ठरलं : साडेसोळा लाख बारा हप्त्यांत फंडात परत जमा करायचे. नव्या सी.टी. स्कॅनसाठी ठेवलेली रक्कम त्यात वापरायची आणि मशीन एक वर्ष पुढे ढकलायचं. परिचारिका कमी करायच्या नाहीत. खासगी खोल्यांचे दर थोडे वाढवायचे. आणि फंडात किती जमा, किती खर्च, किती शिल्लक याची पाटी दर सोमवारी प्रवेशकक्षात लावायची. पाटीची सूचना समाजसेविका ताईंची. त्यावर जास्त विरोध झाला, साडेसोळा लाखांपेक्षा जास्त. पैसे देणं माणसाला जमतं, दाखवणं जड जातं.

त्या वर्षभरात डोक्याला मार लागलेले रुग्ण स्कॅनसाठी बाहेर पाठवावे लागले, जुनं मशीन सारखं बंद पडे. त्यातल्या कोणाचं त्या तासाभरात काय बिघडलं, हे मला माहीत नाही. म्हणजे माझ्या चुकीची भरपाईसुद्धा कोणीतरी वेगळ्याच माणसाने केली असणार. हेही त्या वहीत कुठे लिहिलेलं नाही.

बैठकीनंतरच्या रविवारी मी तुर्भे स्टोअरला गेलो. प्रवेशाच्या कागदावर तिथला पत्ता होता. डोंगराच्या कडेची वस्ती, अरुंद गल्ल्या. दोन तास फिरलो. एका टपरीवाल्याने सांगितलं, हो, पायाला मार लागलेला एक जण होता, सायनला महिनाभर होता म्हणतात, मग बायका-पोरांसह गावी गेला. कुठलं गाव? जालन्याकडचं की परभणीकडचं, त्याला नक्की सांगता येईना. त्याचा पाय जुळला का, सरळ जुळला का, मला कधी कळलं नाही. मी गेलो होतो कशाला, हेही आता नीट सांगता येत नाही. पैसे तर त्याने आमच्याकडे भरलेच नव्हते, परत काय करणार होतो?

पुढे सरकारी योजना आली. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पिवळ्या आणि केशरी कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार. त्या आठांत मुंबईचे दोन्ही जिल्हे होते आणि रायगड होता. ठाणे नव्हता. आता नवी मुंबईकरांना नकाशा माहीत आहे. खारघर रायगडात आणि शेजारचं बेलापूर ठाण्यात. खाडीच्या पलीकडे मानखुर्दला योजना, इकडे खारघरला योजना, आणि मधल्या वाशी-नेरूळ-बेलापूरच्या माणसाला नाही. २१ नोव्हेंबर २०१३ ला योजना राज्यभर झाली तोपर्यंत जवळजवळ सोळा महिने मी खिडकीत बसून आधी आजार नाही, जिल्हा विचारत होतो. एका बाईने मला विचारलं की खारघरला बहीण राहते, तिच्या कार्डावर नाव घातलं तर चालेल का. मी काय सांगितलं ते नभोवाणीवर सांगत नाही. २०१७ पासून त्याच योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव आहे. पॅकेजचे दर ठरलेले असतात, पैसे मागून येतात. ते यायला उशीर झाला की रुग्णालयं योजनेच्या खाटा हळूहळू ‘भरलेल्या’ दाखवू लागतात. हे मी इतर ठिकाणी पाहिलं आहे, आणि आमच्याकडे होऊ नये म्हणून भांडलोही आहे.

२०२० मध्ये वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात करोनाच्या खाटांच्या रांगा लागल्या. राज्य सरकारने २१ मे रोजी खासगी रुग्णालयांचे दर बांधून दिले : साधा वॉर्ड दिवसाला चार हजार, अतिदक्षता साडेसात, व्हेंटिलेटरसह नऊ हजार. तेव्हा पहिल्यांदा सरकारी लेखापरीक्षक बिलाच्या खिडकीत डोकावू लागले. मला बरं वाटलं.

हिशेब आणि दया एकत्र नांदू शकतात का, असं मला तरुण सहकारी विचारतात. मी त्यांना खारघरला पाठवतो. तिथे टाटा स्मारक केंद्राचं कर्करोग संशोधनाचं आणि उपचाराचं मोठं संकुल आहे. परळचं मूळ टाटा रुग्णालय १९४१ चं, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन वर्गांत रुग्ण येतो. डॉक्टर तेच, औषध तेच, पैसे वेगळे. आणि दुसरी गोष्ट त्यांनी केली ती मला जास्त भावते, कारण ती भांडारातली आहे. देशभरातल्या कर्करोग केंद्रांचं जाळं त्यांनी २०१२ पासून बांधलं आणि औषधं एकत्र मिळून खरेदी करायला सुरुवात केली. अशा एका सौद्यात तेवीस केंद्रांनी चाळीस औषधं मिळून घेतली आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त पैसे वाचवले. त्यात नवं संशोधन काही नव्हतं. आपण किती घेतो हे एकमेकांना दाखवलं, आणि एका तोंडाने भाव केला. आमच्यासारख्या शंभर-दीडशे खाटांच्या धर्मादाय रुग्णालयांनी हे आपसांत का करू नये, हे मी दहा वर्षं विश्वस्तांना विचारतोय. खरेदीचे भाव दुसऱ्याला दाखवायचे म्हटलं की बैठकीत पुन्हा तीच पाटीच्या वेळची शांतता पसरते.

समाजसेविका ताई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी मोबाईलवरून विचारते, “भाई, आज किती?” आता संगणकात खरेदीचा भाव आपोआप पडतो, तरी मी महिन्यातून एकदा दोन मजले खाली उतरून भांडारातल्या मूळ पावत्यांशी दहा-बारा नोंदी ताडून बघतो. गेल्या महिन्यात एका नळीचा भाव चुकीचा लागला होता. एकशे ऐंशी रुपयांचा फरक. मी तिला फोन करून सांगितलं, आजच्या शिल्लकीत एकशे ऐंशी वाढव. ती हसली. म्हणाली, “थांबा भाई, सोळा नंबरच्या आजींना इंजेक्शन राहिलंय, ते लिहून घेते.”